दंडावरची होडी

दिघी कोळीवाडा
६ फेब्रुवारी

केतन,

तू माझा नंबर बंद करून ठेवलास म्हणून कागद घेतला. तुझा मालवणचा पत्ता मृणालीच्या वहीच्या मागच्या पानावर मिळाला. तिच्या वहीत मामाचा पत्ता कशाला, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. विचारीन. आजकाल फोन आला की ती उठून पडवीत जाते आणि मी बाहेर आले की आवाज खाली येतो. मी मासळी विकणारी बाई आहे, समोरच्याचा आवाज कधी खाली येतो आणि का येतो, हे मला कुणी शिकवायला नको.

ख्यालीखुशालीसाठी लिहीत नाही. एकच विचारायचं आहे. दोन वर्षांपूर्वी तुझ्या दिवेआगरच्या दुकानात तू मृणालीच्या दंडावर तिच्या बापाची होडी गोंदलीस. त्या होडीच्या अंगावरचा तो शेंदरी पट्टा कुठल्या रंगाचा होता? काळ्या रेघांचं राहू दे. पट्ट्याचं सांग. कंपनी कुठली, बाटलीवर काय छापलेलं होतं, सगळं लिहून पाठव.

का विचारते ते ऐक. पोरगी नौदलाच्या भरतीत उतरली आहे. धावण्यात पुढे, लेखी परीक्षेत पास, आता एप्रिलमध्ये डॉक्टरी तपासणी. भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादमीच्या सरांनी सांगितलं, दंडावर एवढं मोठं गोंदण असेल तर बाहेर काढतील. म्हणून अलिबागच्या एका दवाखान्यात लेझरने काढायला घेतलं. ११ जानेवारीला पहिली बैठक झाली. काळ्या रेघा खरंच फिकट झाल्या. पण शेंदरी पट्टा होता तो काळा पडला. फिका नाही, काळा. तव्याच्या बुडासारखा. मृणालीने आरशात बघितलं आणि बाही खाली ओढली.

डॉक्टरीण म्हणते, या रंगात काय आहे हे कळल्याशिवाय त्या जागेवर हात लावणार नाही. पुढची तारीख ८ मार्च दिली आहे. मला विचारशील तर तिच्याच हातून मशीन जास्त झालं असेल आणि आता दुसऱ्याच्या नावावर बिल फाडायला बघते आहे. नाहीतर तूच स्वस्तातलं काहीतरी घातलं असशील. दोघांपैकी एक नक्की.

उत्तर पाठव. माझ्यासाठी नको, भाचीसाठी पाठव.

तुझी मोठी बहीण,
केसर


१७ फेब्रुवारी

केतन,

अकरा दिवस झाले. पोस्टमनला रोज विचारते, तो आता मला बघून सायकल दुसऱ्या गल्लीतून नेतो.

काल मृणालीला न सांगता एकटी अलिबागला जाऊन आले. फेरीबोटीने आगरदांडा, तिथून एसटी. दवाखान्यात टेबलावर हेतल नावाची मुलगी बसते, इतकी गोड बोलते की मला पहिल्यापासून संशय आहे. "मावशी बसा, मावशी पाणी घ्या." मी म्हटलं, पाणी नको, डॉक्टरीण पाहिजे. खोलीच्या दाराला लाल दिवा, आत मशीनचा टक टक आवाज आणि केस जळल्यासारखा वास. तो वास मी नीट लक्षात ठेवला आहे.

डॉक्टरीण तशी पोरसवदाच आहे. मी तिला सरळ विचारलं, माझ्या पोरीचा दंड तुम्ही जाळलात का? ती रागावली नाही, याचाही मला संशय आला. कागदावर ठिपके काढून समजावायला लागली. म्हणाली, "मावशी, लेझरने रंग पुसला जात नाही. तो फुटतो. कातडीखाली रंगाचे खडे असतात, त्यांचा चुरा होतो आणि तो चुरा शरीर हळूहळू वाहून नेतं. म्हणून खडा कशाचा आहे हे महत्त्वाचं. काळा रंग बहुतेक काजळीचा असतो, त्याची फार भीती नाही. लाल, पिवळा, केशरी यांत अनेक प्रकार येतात. काही फुटले की त्यातून विषारी पदार्थ सुटतात. काही नुसते काळे पडतात. तुमच्या मुलीच्या दंडात काय आहे ते मला माहीत नाही, आणि माहीत नसलेली वस्तू मी तिच्या रक्तात सोडणार नाही."

मी माझा हात पुढे केला. माझ्या मनगटावरचं तुळशीचं रोप तुला आठवत असेल, जत्रेत गोंदवून घेतलं होतं, मी रडले होते आणि तू हसला होतास. म्हटलं, मग हे विष आहे का? तिने बघितलं आणि म्हणाली, ही काजळी आहे, हिचं काही नाही.

मग तिने एक यादी विचारली. गोंदताना घरगुती काही मिसळलं होतं का? हळद? कुंकू? शेंदूर? अष्टगंध? कपड्याचा रंग? होडीचा रंग? शेंदराला थांबून म्हणाली, "बाजारातल्या शेंदरात बरेचदा शिसं असतं, म्हणून विचारते."

मी नाही म्हटलं. मी तिथे काय, नुसती बसले होते. तुझ्या दुकानात तू कशात काय कालवत होतास ते मला काय ठाऊक? कालवत असशील तर आताच सांग. ८ तारखेला आता तीन आठवडे पण नाहीत.

केसर


२६ फेब्रुवारी

केतन,

तुझं पार्सल आलं. मी बाजारात होते, मृणालीने उघडलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन बाटल्या, लाल, पिवळी आणि पांढरी, बुडाला थोडा थोडा रंग वाळलेला. दोन वर्षं तू त्या जपून ठेवल्यास? कशासाठी? कुणाच्या तोंडावर मारायला? आणि चिठ्ठीवर दोनच ओळी. "पट्ट्यात मी या तिन्हींचा रंग घातला. बाकीचं बायला माहीत."

बाकीचं म्हणजे काय? मला काय माहीत? असं अर्धवट लिहून तू पोरीच्या मनात काय भरतो आहेस? ती चिठ्ठी वाचून माझ्याकडे बघत राहिली. "आये, बाकीचं म्हंजे काय गं?" मी म्हटलं, "तुझ्या मामाला आधीपासून अर्धं बोलायची खोड हाय. पोटात एक न् ओठात एक." तिने चिठ्ठी घडी करून वहीत ठेवली. पण तिचा तो पडवीतला फोन तुलाच असतो, हे मी आता ओळखलं. नाहीतर बाटल्या आल्या तेव्हा तिला आश्चर्य वाटायला हवं होतं.

तिने तिन्ही लेबलांचे फोटो काढून डॉक्टरणीला पाठवले. संध्याकाळी उत्तर आलं. रंग चांगल्या कंपनीचे आहेत, लेबलवर सगळं छापलेलं आहे. पांढरा मिसळला की लेझरने कधी कधी असा काळा पडतो, त्यात घाबरण्यासारखं नाही. पुढच्या बैठका दिल्या की तोही जातो. ८ तारखेला या, करून टाकू.

मृणाली एवढी हसली! किती महिन्यांनी हसली. धावत जाऊन तिने बापाच्या फोटोसमोर उदबत्ती लावली. "मामाचा रंग चोख होता आये, तू उगाच त्याला नावं ठेवत होतीस," म्हणाली. मी बोंबील उलटे करत होते, तशीच करत राहिले.

गोंदताना त्या दिवशी तू जागेवर तरी होतास का? फोन आला म्हणून बाहेर गेलास, रंगाची वाटी तशीच उघडी टाकून. पाच मिनिटं तरी बाहेर होतास. मृणाली डोळे मिटून पडलेली. उघड्या वाटीत वाऱ्याने काही पडलं असेल, कुणी काही टाकलं असेल, त्याची जबाबदारी कुणाची? दुकान तुझं होतं ना?

केसर


५ मार्च

केतन,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि तिथेच उभी राहिले. ते पाच मिनिटांचं मी लिहायला नको होतं. तू फोनवर कोणाशी बोलत होतास हेही मला आठवतं, रेवदंड्याच्या गिऱ्हाइकाशी. ज्याने काही केलेलं नसतं त्याला एवढं आठवत नाही.

तीन दिवसांवर ८ तारीख आली. तुझ्या बाटल्या खऱ्या निघाल्या म्हणूनच डॉक्टरीण आता लेझर करणार आहे. तू खोटारडा निघाला असतास तर पोरगी वाचली असती. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं, कारण तेच खरं आहे.

आता नीट ऐक.

नारळी पुनवेला तुझे भावजी होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, शेंदराचा पट्टा ओढायचे, ते तुला माहीत आहे. त्यांची पितळेची डबी होती, त्यांच्या वडिलांच्या वेळची. शेंदूर लावून झाला की त्याच बोटाने मृणालीच्या कपाळावर टिकली. म्हणायचे, मैनाई होडीला लावला तो हिला लावला, दोघी सुखरूप घरी येतील. ते धक्क्यावरच छातीत कळ येऊन गेले. मग होडी विकावी लागली. नव्या मालकाने महिन्याभरात ती निळी रंगवली. मी टोपली घेऊन जेट्टीवर उभी होते, माझ्या डोळ्यांदेखत तो पट्टा निळ्याखाली गेला. ती डबी तेवढी राहिली.

मृणालीने दंडावर बापाची होडी मागितली तेव्हा डबी मी कमरेला बांधून आणली होती. आधी मनात काही नव्हतं, नुसती जवळ असावी म्हणून. तू लाल, पिवळा आणि पांढरा कालवलास. मी म्हटलं, हा तो रंग न्हाय. तू म्हणालास, "बाय, वाळला का तोच रंग येईल." मग तुझा फोन वाजला. तू बाहेर गेलास. मी डबी उघडली आणि चिमूटभर शेंदूर वाटीत टाकून तुझ्याच काडीने ढवळला.

मला वाटलं, देवाचा आहे. होडीला लावतो ते तिच्या अंगात राहील. बाप नाही तर बापाचा शेंदूर तरी राहील. यात वाईट काय असेल, असं त्या घडीला वाटलं नाही. आणि खरं सांगू, रंग लगेच जुळला. हुबेहूब तोच. मला रडू आलं होतं, तुला वाटलं पोरीला दुखतंय म्हणून.

तू आत आलास, सुई बुडवलीस आणि थांबलास. "बाय, रंग जाड कशानं झाला? हात लावलास काय?" मी म्हटलं, "मी कशाला लावू? माझं काय काम?" तू माझ्याकडे बघितलंस. मग मान खाली घालून गोंदायला लागलास. तुझी सख्खी बहीण होते, माझा शब्द तू खरा धरलास.

आठ दिवसांनी दंड सुजला, पू झाला. वेणूबाईने बाजारात विचारलं, काय झालं गं पोरीला? माझ्या तोंडून निघालं, केतनचा रंग खराब निघाला. एकदाच म्हटलं. पण आपल्याकडे एकदा म्हटलेलं पुरतं. ते दिवेआगरला तुझ्या आधी पोचलं. पर्यटकांना घरी उतरवून घेणारे वाडीवाले तुझ्याकडे पाहुणे पाठवायचे बंद झाले, कुणीतरी फोनवर तुझ्या दुकानाच्या नावाखाली घाण लिहिलं. तू माझ्या दारात येऊन एवढंच म्हणालास, "बाय, तू सांग त्यांना." मी आत निघून गेले. दुसऱ्या दिवशी मृणालीच्या तापाचं निमित्त करून दार लावलं. त्याच आठवड्यात तू गेलास.

दोन वर्षं मी सगळ्यांवर संशय घेत बसले. तुझ्यावर, डॉक्टरणीवर, त्या हेतलवर, माझ्या लेकीच्या फोनवर. डबी देव्हाऱ्यात मागे होती, तिकडे कधी बघितलं नाही.

शिसं म्हणजे काय हे मला डॉक्टरणीने सांगायला नको होतं. जाळं तळाला जावं म्हणून आपण त्याला शिसं ओवतो. मी ते माझ्या पोरीच्या दंडात भरलं.

८ तारखेला मी जाणार आहे तिच्याबरोबर. डबी घेऊन. सांगेन की नाही, ते लिहिताना मलाच माझा भरवसा वाटत नाही. तुला लिहिलं ते एवढ्यासाठी की मी गप्प राहिले तर निदान तुला कळावं. तू तिला फोन करून थांबव. पण पत्र वेळेत पोचेल का, हे पोस्टावर.

केसर


९ मार्च

केतन,

पत्र वेळेत पोचलं नसणार. तुझा फोन आला नाही तिला.

फेरीबोटीवर मी कठड्याशी उभी होते. डबी पदरात बांधलेली. बोट खाडीच्या मधोमध आली तेव्हा एकदा गाठ सोडली होती. टाकली असती तर प्रश्नच मिटला असता. डॉक्टरीण लेझर करणार, पट्टा जाणार, पोरगी भरती होणार आणि कुणाला कधी काही कळणार नाही. तिच्या रक्तात काय गेलं ते तरी कुणी शोधलं असतं? हा विचार मी केला, तुझ्यापासून लपवत नाही. मृणाली माझ्याजवळ आली, "आये, वारा लागतोय, आत बस," म्हणाली आणि माझा पदर नीट केला. तिचा हात गाठीला लागला. "काय हाय यात?" "प्रसाद," मी म्हटलं. अजूनही खोटं बोलले बघ.

दवाखान्यात तिला खुर्चीवर बसवलं. डोळ्यांवर तो काळा चष्मा. हेतलने बर्फाची पिशवी आणली. डॉक्टरणीने मशीन हातात घेतलं, टक टक सुरू झालं, अजून कातडीला लावलेलं नव्हतं. मी दाराशी उभी. मला म्हणाली, "मावशी, तुम्ही बाहेर थांबा."

मी म्हटलं, "थांबा. तिच्या दंडात शेंदूर हाय. मी घातलाय."

मशीन बंद झालं. मी गाठ सोडली, डबी टेबलावर ठेवली. डॉक्टरणीने हातमोज्यानेच ती उचलली, झाकण न उघडता पिशवीत घातली.  माझ्यावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मृणालीने चष्मा काढला. विचारलं, "मामाला ठाव होतं?"

"त्यानं विचारलं होतं. मी न्हाय म्हटलं."

"आन् तो दोन वर्षं गप ऱ्हायला?"

"व्हय."

"आन् तू बोलत ऱ्हायलीस."

 तिने बाही खाली केली, तपासणीसाठी रक्त द्यायला बाहेर गेली. येताना फेरीबोटीवर ती दुसऱ्या टोकाला, मोटारसायकलींच्या मध्ये उभी राहिली. वारा तिकडे जास्त होता.

केसर


२ एप्रिल

केतन,

तपासणीचं उत्तर आलं. डबीतल्या शेंदरात शिसं आहे, भरपूर. मृणालीच्या रक्तातही थोडं सापडलं. डॉक्टरीण म्हणाली, घाबरण्याइतकं नाही, दर तीन महिन्यांनी तपासू, पण त्या पट्ट्यावर लेझर कधीच मारायचं नाही. पहिल्याच बैठकीत थोडं फुटलं असणार. आणखी पाच बैठका झाल्या असत्या तर, एवढं म्हणून ती थांबली.  त्या पोरसवदा डॉक्टरणीवर मी संशय घेतला होता. तिने हात आवरला नसता तर आज मी हे पत्र लिहीत नसते. हेतलला पण मी बोंबलाची एक पिशवी नेऊन दिली. ती जैन आहे असं मग कळलं. तरी हसली.

आता तो तुकडा कापून काढायचा आहे, टाके घालून. या वर्षीची भरती गेली. पुढच्या वर्षी वयात बसते, त्यानंतर नाही. टाक्याची खूण राहील, पण खुणेला हरकत नसते असं सर म्हणतात. म्हणजे बापाच्या होडीच्या जागी नुसता व्रण राहणार. तिने विचारपूर्वक सांगितलं, "चालंल."

सोमवारी बाजार भरला तेव्हा वेणूबाईच्या टोपलीशेजारी उभी राहून मी मोठ्याने सांगितलं. केतनचा रंग चोख होता, शेंदूर मी घातला, खोटं मी बोलले. बायका हातातला कोयता थांबवून बघत राहिल्या. वेणूबाई म्हणाली, "देवाच्या शेंदराला नाव ठेवतेस?" मी म्हटलं, देवाला नाही ठेवत, स्वतःला ठेवते. अर्ध्या बायका माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या आहेत. बरोबर आहे त्यांचं. दिवेआगरलाही पोचेल एव्हाना, पण खरी गोष्ट हळू चालते, खोटीला जेवढा वेळ लागला त्यापेक्षा जास्त लागेल. तुझ्या दुकानाची पाटी जागेच्या मालकाने रस्त्यावर टाकली होती, ती मी तेव्हाच उचलून आणली होती. पोटमाळ्यावर आहे. का आणली ते मलाही तेव्हा कळलं नव्हतं.

लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. १४ तारखेला सकाळी दहाला अलिबागला ऑपरेशन. दवाखान्याचा कागद मृणालीने भरला. सोबत कोण येणार, ही ओळ होती. तिने तुझं नाव लिहिलं आणि कागद माझ्यासमोर ठेवला, मी वाचावा म्हणून. मी वाचला. त्यावर संशय घेण्यासारखं काही नव्हतं.

तू ये. तिला तू हवा आहेस. मी फेरीबोटीने आगरदांड्यापर्यंत तिला आणीन, तुझ्या ताब्यात देईन आणि तिथूनच त्याच बोटीने परत फिरेन.

केसर